‘तो येतो म्हणाला’ : मराठीतील परकथन आणि इंग्रजी व्याकरणाचा नियम

१

बीड जिल्ह्यातील केज या तालुक्याच्या गावी, किंवा मराठवाड्यातील अशाच कोणत्याही गावी, माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या तासाला एक प्रकरण हमखास येते. शिक्षक फळ्यावर अवतरणचिन्हांत एक वाक्य लिहितात : ‘ही सेड, आय अ‍ॅम कमिंग’. मग ते त्याचे रूपांतर करून दाखवतात : ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’. पहिले प्रत्यक्ष कथन, दुसरे अप्रत्यक्ष कथन. नियम तीन सांगितले जातात. पुरुष बदलावा, काळ एक पायरी मागे न्यावा आणि ‘आज’, ‘उद्या’, ‘येथे’ ही पदे ‘त्या दिवशी’, ‘दुसऱ्या दिवशी’, ‘तेथे’ अशी करावीत. विद्यार्थी हे नियम पाठ करतो. दुसऱ्या वाक्याचे मराठी करण्यास सांगितले की तो लिहितो : ‘तो म्हणाला की तो येत होता.’

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या अशुद्ध नाही. केवळ ते मूळ इंग्रजी वाक्याचा अर्थ सांगत नाही. ‘तो म्हणाला की तो येत होता’ या मराठी वाक्याचा सरळ अर्थ असा की, बोलण्याच्या आधी कधीतरी त्याचे येणे चालू होते. बहुधा मध्येच काही अडचण उपटली असावी. ‘तो म्हणाला की तो येणार होता’ असे केले तर अर्थ आणखी दूर जातो, कारण ‘येणार होता’ म्हणताच बेत मोडल्याची सूचना मिळते. इंग्रजी वाक्याला मात्र एवढेच म्हणायचे असते की, येण्याची क्रिया त्याच्या बोलण्याच्या वेळी चालू होती. ही गोष्ट मराठीत ‘तो येतो म्हणाला’ किंवा ‘आपण येत आहोत असे तो म्हणाला’ अशीच सांगावी लागते. वर्गाबाहेर, बाजारात, तोच विद्यार्थी सहजपणे ‘त्यो येतो म्हनला’ असे म्हणतो आणि त्याच्या बोलण्यात कसलाही घोटाळा होत नाही.

वर्गातील वाक्य आणि बाजारातील वाक्य यांमधील हे अंतर भाषांतरातील एक किरकोळ चूक म्हणून सोडून देण्याचा प्रघात आहे. परंतु दुसऱ्याचे बोलणे आपल्या बोलण्यात कसे आणावे, हा प्रश्न कोणत्याही भाषेच्या गद्याचा आणि कथनाचा पायाभूत प्रश्न असतो. मराठीने या प्रश्नाची स्वतःची अशी उत्तरे सातशे वर्षांहून अधिक काळ घडवत आणली आहेत. ‘प्रत्यक्ष–अप्रत्यक्ष’ हे द्वंद्व त्या उत्तरांवर बाहेरून बसवले गेल्यामुळे मराठी गद्याविषयीच्या विचाराची कोणती हानी झाली, हे पाहण्यासाठी त्या घडणीचा इतिहास तपासणे आवश्यक ठरते.

२

प्रथम मराठीतील व्यवस्था स्पष्ट करून घेतली पाहिजे. दुसऱ्याचे बोलणे सांगण्यासाठी, म्हणजे परकथनासाठी, मराठीत निदान पाच रचना नित्याच्या वापरात आहेत. ‘मी येतो असे तो म्हणाला’ ही पहिली. येथे मूळ बोलणाऱ्याचा ‘मी’ आणि त्याचा वर्तमानकाळ दोन्ही शाबूत राहतात. ‘असे’ हे पद उक्तीची सीमा दाखवते. ‘तो येतो म्हणाला’ ही दुसरी. हिच्यात ‘तो’ हे पद उक्तीच्या आतले की बाहेरचे, हे ठरवता येत नाही आणि ठरवण्याची गरजही भासत नाही. क्रियापदाचा काळ मात्र मूळ बोलण्यातलाच असतो. ‘आपण येतो आहोत असे तो म्हणाला’ ही तिसरी. येथील ‘आपण’ महत्त्वाचा आहे. हा ‘आपण’ ऐकणाऱ्याला सामावून घेणारा नव्हे, आदरार्थीही नव्हे. ज्याचे बोलणे सांगितले जात आहे त्याच्याकडेच तो बोट दाखवतो. इंग्रजीत ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’ या वाक्यातील दुसरा ‘ही’ बोलणाराच की कोणी तिसरा, हे संदर्भावरून ओळखावे लागते. मराठीतील ‘आपण’ हा संदेह राहू देत नाही.

चौथी रचना ‘तो म्हणाला की मी येतो’ ही होय. पाचवी ‘तो येणार असल्याचे त्याने सांगितले’ ही. वृत्तपत्रे, कार्यालये आणि न्यायालये यांच्या भाषेत हीच सर्वाधिक आढळते. हिच्यात मूळ उक्तीचे वाक्यपण संपते आणि ती षष्ठीतील एक नाम होऊन बसते.

या पाचांच्या जोडीला आणखी एक रूप आहे, ते म्हणजे ‘म्हणे’. ‘तो येतो म्हणे’ या वाक्यात कोण म्हणाले ते सांगितलेले नसते. बोलणारा केवळ एवढेच दर्शवतो की, ही माहिती त्याने ऐकलेली आहे, पाहिलेली नाही, आणि तिच्या खरेपणाची जबाबदारी तो घेत नाही. इंग्रजीत या एका पदाचे काम बोलताना बहुधा संपूर्ण उपवाक्याने केले जाते. मराठीत ते वाक्याच्या शेपटाला जोडलेल्या दोन अक्षरांत होते.

यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. मराठीत परकथनाच्या वाक्यातील काळ मूळ बोलणाऱ्याच्या क्षणाशी बांधलेला असतो, सांगणाऱ्याच्या क्षणाशी नव्हे. मराठी सांगणारा दुसऱ्याचे वर्तमान त्याच्यापाशीच राहू देतो. त्याला पुरुष बदलता येतो, सीमा पुसट करता येते, उक्तीचे नाम करता येते. पण काळ मागे ढकलण्याची सक्ती त्याच्यावर नाही.

३

या व्यवस्थेची मुळे जुनी आहेत. संस्कृतात उक्तीच्या शेवटी ‘इति’ येते आणि उक्ती जशीच्या तशी राहते. द्राविडी भाषांतही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूपासून झालेले पद उक्तीच्या शेवटी येते. तेलुगूतील ‘अनि’ आणि कन्नडमधील ‘एंदु’ ही त्याची परिचित उदाहरणे. एमेनो यांनी १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची कल्पना मांडली आणि कायपर यांनी १९६७ साली या क्षेत्राच्या घडणीची चर्चा करताना ‘इति’चा विशेष विचार केला. मराठीतील ‘असे’ आणि ‘म्हणून’ ही पदे याच क्षेत्रातील आहेत. ‘म्हणून’ हे ‘म्हणणे’चेच रूप असून ते ‘यासाठी’ या अर्थापर्यंत जाऊन पोहोचले, ही बाबही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. ‘पाऊस येईल म्हणून तो थांबला’ या वाक्यात कारण आणि मनातले बोलणे एकच होऊन गेले आहे.

मराठी गद्याच्या आरंभीच परकथनाचा प्रश्न निकडीचा होऊन उभा राहिला होता. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात ‘लीळाचरित्र’ रचले ते चक्रधरांच्या सान्निध्यात राहिलेल्यांच्या आठवणी गोळा करून. चक्रधर नेमके काय बोलले, हा या रचनेचा गाभ्याचा प्रश्न होता. कारण पंथाच्या दृष्टीने ते शब्द प्रमाण होते. म्हणून ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ हे पद लीळांतून पुन्हापुन्हा येते. ते निव्वळ निवेदनाची सोय म्हणून येत नाही. या पदानंतरचे शब्द कोणाचे आहेत, याची ती ग्वाही असते. पुढे केशिराजबासांनी लीळांतील ही वचने वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. परंतु प्रसंगापासून तोडलेले वचन दुर्बोध होते, हे पंथातील अभ्यासकांच्या ध्यानात आले आणि वचन कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले गेले ते सांगणारे ‘प्रकरणवश’ तयार झाले. लीळांच्या पोथ्यांत निरनिराळ्या आचार्यांच्या स्मरणातील पाठ ‘वासना’ म्हणून नोंदवलेले आढळतात. म्हणजे शब्द एकाचे, प्रसंग दुसऱ्याने पाहिलेला, आठवण तिसऱ्याची, अशी जबाबदारीची वाटणी या वाङ्मयाने केलेली आहे. या वाटणीला ‘प्रत्यक्ष’ आणि ‘अप्रत्यक्ष’ हे दोनच कप्पे अपुरे पडतात.

शके १२१२ मधील ‘ज्ञानेश्वरी’त हीच गोष्ट पद्यात दिसते. कृष्ण अर्जुनाशी बोलतो, ते संजय धृतराष्ट्राला सांगतो आणि ते सारे ज्ञानदेव निवृत्तिनाथांसमोर श्रोत्यांना सांगतात. तीन वक्ते आणि तीन श्रोते एकाच ओघात बोलत–ऐकत राहतात. केजपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईला परंपरेने मुकुंदराजांची समाधी मानली जाते. त्यांचा ‘विवेकसिंधु’ही गुरुशिष्यसंवादातून उलगडतो. हस्तलिखितांत अवतरणचिन्हे नव्हती. तरीही वक्ता बदलला हे ऐकणाऱ्याला कळत असे. कारण संबोधने, ‘म्हणे’, ‘ऐसें’, ‘तंव’ ही पदे त्याचे कान तयार करत.

मराठेकालीन पत्रव्यवहारात ही व्यवस्था अत्यंत काटेकोर झालेली आढळते. आलेल्या पत्रातील मजकूर आधी थोडक्यात उतरवायचा, त्याच्या शेवटी ‘म्हणोन लिहिले’ असे म्हणायचे आणि ‘ऐशास’ म्हणून स्वतःचे उत्तर सुरू करायचे, असा तो शिरस्ता होता. विरामचिन्हे नसलेल्या मोडी मजकुरात समोरच्याचे म्हणणे कोठे संपले आणि लिहिणाऱ्याचे कोठे सुरू झाले, याविषयी शंका राहत नसे. ‘विज्ञापना ऐसीजे’ या मायन्यातही पुढे येणारा मजकूर हीच विज्ञापना, असे सांगणारा ‘जे’ आहे. महजरांत साक्षी नोंदवतानाही अशाच पदांचा आधार घेतला जाई. चिन्हांनी जे काम पुढे करायचे होते ते तेव्हा शब्द करीत होते.

४

आज परकथनात सर्वाधिक वापरला जाणारा ‘की’ हा या जुन्या ‘जे’च्या जागी आला. जुन्या मराठीत ‘कीं’ होता, परंतु तो मुख्यतः प्रश्न, विकल्प, निश्चय अशा अर्थांनी वावरत होता. उक्तीच्या आधी येऊन तिची ओळख करून देणारा ‘की’ फारसीच्या संपर्काने रूढ झाला, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. त्यामुळे मराठी वाक्याच्या क्रमात बदल झाला. ‘असे’ आणि ‘म्हणून’ उक्तीच्या शेवटी येतात, तर ‘की’ तिच्या आरंभी येतो.

मराठवाड्यात या बदलाला एक वेगळी पार्श्वभूमी आहे. केज हा निजामी राजवटीत बीड जिल्ह्याचा एक तालुका होता. हैदराबाद संस्थानात १८८०च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली आणि १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाचा शेवट होईपर्यंत पुढे शिकू पाहणाऱ्या येथील मराठी मुलाला उर्दूतून जावे लागे. उर्दूचे वाक्य असे : ‘उसने कहा कि मैं आऊंगा’. ‘कि’ असूनही ‘मैं’ तसाच राहतो आणि काळही तसाच राहतो. ही रचना इंग्रजी नियमानुसार धड प्रत्यक्षही नाही आणि धड अप्रत्यक्षही नाही. मराठीतील ‘तो म्हणाला की मी येतो’ या वाक्याची जातकुळी हीच. उर्दूने ‘कि’ची जागा बळकट केली असेल, पण मूळ वक्त्याच्या वर्तमानाला धक्का लावला नाही. त्यामुळे घरची मराठी आणि शाळेतील उर्दू यांच्यात या बाबतीत संघर्ष उद्भवला नाही.

संघर्ष उद्भवला तो इंग्रजीच्या नियमाशी. १९४८ नंतर शिक्षणाची भाषा मराठी होत गेली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. पश्चिम महाराष्ट्रात इंग्रजी व्याकरणाच्या पाठोपाठ शंभर–सव्वाशे वर्षांत जे रुजले होते ते येथे एकदोन पिढ्यांतच आले.

५

पश्चिम महाराष्ट्रातील ते रुजणे दोन वाटांनी झाले. पहिली वाट मुद्रणाची. मेजर थॉमस कँडी यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ १८५० साली आली आणि इंग्रजी वळणाची विरामचिन्हे छापील मराठीत स्थिरावू लागली. त्यांत अवतरणचिन्हे होती. अवतरणचिन्ह हे वरवर पाहता निरुपद्रवी चिन्ह आहे. परंतु ते लिहिणाऱ्याला प्रत्येक वेळी निर्णय घ्यायला लावते : हे शब्द दुसऱ्याचे आहेत की आपले? जुन्या पोथीची छापील आवृत्ती सिद्ध करणाऱ्या संपादकालाही हा निर्णय टाळता येत नाही. चिन्ह कोठे मिटवायचे हे ठरवताना तो अनेकदा ज्या जागी पोथीने मोकळीक ठेवली होती त्या जागी कुंपण घालतो.

दुसरी वाट व्याकरणाची आणि भाषांतराची. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्याचा घाट इंग्रजी व्याकरणावरून घेतलेला होता. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत या घाटाची उलटतपासणी होत राहिली. तथापि शाळेतील मुलापर्यंत ही उलटतपासणी पोहोचली नाही. त्याच्या हाती भाषांतराची पाठमाला पडली आणि पुढे १९३०च्या दशकात मुंबईहून प्रसिद्ध झालेले रेन आणि मार्टिन यांचे इंग्रजी व्याकरण पडले. यांपैकी रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि कादंबरीकार म्हणूनही त्यांची ख्याती होती. पिढ्यानपिढ्यांनी जे प्रत्यक्ष–अप्रत्यक्षाचे नियम पाठ केले त्यांचे सर्वाधिक परिचित रूप या पुस्तकातले.

हे नियम तर्कशास्त्राचे नियम असल्यासारखे शिकवले गेले. वस्तुतः त्यांचा इतिहास वेगळा आहे. इंग्रजी शालेय व्याकरणाने प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष कथन ही विभागणी लॅटिन व्याकरणातून घेतली. तेथे मुख्य वाक्यातील काळानुसार उपवाक्याचा काळ ठरवण्याची शिस्त आहे. इंग्रजीनेही ती शिस्त पूर्णपणे पाळलेली नाही. सार्वकालिक सत्य सांगताना ती काळ मागे नेत नाही आणि बोलीभाषेत तर हा नियम सर्रास शिथिल होतो. रशियन भाषेत काळ मागे नेण्याची सक्ती नाही. व्होलोशिनोव्ह यांनी १९२९ मधील आपल्या ग्रंथात परकथनाचे जे विवेचन केले त्याचा आधार रशियन गद्य हाच होता. उक्तीतील उक्ती आणि त्याच वेळी उक्तीविषयीची उक्ती, असे त्यांनी परकथनाचे स्वरूप सांगितले. सांगणाऱ्याची भाषा आणि सांगितलेली भाषा यांच्या सीमा कोठे कठोर आणि कोठे विरघळलेल्या असतात, यावरून त्या समाजातील अधिकाराचे संबंध वाचता येतात, हे त्यांचे प्रतिपादन. हा ग्रंथ १९७३ साली इंग्रजीत आला आणि त्यानंतर तो आपल्याकडील समीक्षेतही उल्लेखिला जाऊ लागला. परंतु मराठीतील परकथनाच्या रचनांकडे त्या दृष्टीने पाहण्याचे काम फारसे झाले नाही.

६

या उपेक्षेचा परिणाम कथासाहित्याच्या समीक्षेत दोन ठिकाणी जाणवतो.

पहिला परिणाम तथाकथित मुक्त अप्रत्यक्ष कथनाविषयी. पात्राच्या मनातील बोलणे निवेदकाच्या वाक्यात मिसळण्याच्या या पद्धतीला बाई यांनी १९१२ साली फ्रेंचच्या आधारे नाव दिले आणि अ‍ॅन बॅनफिल्ड यांनी १९८२ साली तिचे व्याकरण मांडले. इंग्रजी–फ्रेंच कादंबरीत ही पद्धत ओळखण्याची खूण ठरलेली आहे. काळ भूतकाळी, पुरुष तृतीय. पण ‘आता’, ‘उद्या’, ‘येथे’ ही पदे पात्राची. भूतकाळी क्रियापदाशेजारी ‘उद्या’ आला की पात्राचे मन निवेदनात शिरले, असे समीक्षक म्हणतो.

मराठीत ही खूण लागू करणे धोक्याचे आहे. ‘ती खिडकीशी उभी राहिली. उद्या सोमवार. आता जायलाच हवे. कोण थांबवणार आहे?’ असा मजकूर मराठी कथेत अगदी स्वाभाविक वाटतो. यात पात्राचे मन आहे, निवेदकाचा आवाजही आहे. काळ मात्र मागे गेलेला नाही, कारण मराठीत तो जाण्याचे कारण नाही. इंग्रजी निकष लावणारा अभ्यासक याला एकतर ‘प्रत्यक्ष आंतरिक स्वगत’ म्हणतो किंवा मराठी कादंबरीत मुक्त अप्रत्यक्ष कथन विरळ आहे असा निष्कर्ष काढतो. दोन्ही निष्कर्ष निकषातून निपजलेले आहेत, संहितेतून नव्हेत. मराठीत सीमा पुसट होण्याच्या खुणा निराळ्या आहेत. ‘आपण’चा वापर, ‘म्हणे’ची पेरणी, कर्त्याचा लोप, उक्तीमागून येणारे आणि कधी न येणारे ‘असे’ यांत त्या शोधाव्या लागतात. मराठी निवेदनमीमांसेला अशी सूची स्वतः तयार करावी लागेल.

दुसरा परिणाम बोलीविषयीचा. अवतरणचिन्हांचे कुंपण रूढ झाल्यावर ग्रामीण कथेत एक विभागणी स्थिर झाली. चिन्हांच्या आत बोली, चिन्हांच्या बाहेर प्रमाण मराठी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक शाळामास्तर आहे, गावकरी त्यांच्या बोलीत बोलतात आणि निवेदन मास्तरच्या भाषेत चालते. तेथे या विभागणीला कथेतूनच समर्थन मिळते, कारण बाहेरून आलेल्या शिक्षकाची दृष्टी हाच त्या कादंबरीचा विषय आहे. परंतु इतरत्र ही विभागणी सवयीने येऊ लागली. मग प्रत्यक्ष कथन म्हणजे ज्यांच्याविषयी सांगायचे त्यांचे बोलणे आणि निवेदन म्हणजे सांगण्याचा अधिकार ज्याच्यापाशी आहे त्याचे बोलणे, असा अर्थ त्यातून निघू लागला. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’ने (१९७१) संपूर्ण निवेदन नारबाच्या बोलीत करून ही सीमाच काढून टाकली. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आपली हकीकत दया पवारांना सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग करून एकाला वक्ता आणि दुसऱ्याला श्रोता करण्याच्या या युक्तीत ‘मी’ कोणाचा, हा प्रश्न पुन्हा खुला होतो. या कृतींची चर्चा आजवर प्रामुख्याने अनुभवाच्या आणि सामाजिक आशयाच्या अंगाने झाली. परकथनाच्या व्यवस्थेत त्यांनी काय उलथवले, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला.

७

या साऱ्याचे गांभीर्य केवळ साहित्यापुरते नाही. केजसारख्या तालुक्याच्या गावी शाळेइतकीच दुसरी एक जागा अशी असते की जेथे लोकांच्या बोलण्याचे रोज लेखनात रूपांतर होते, ती म्हणजे पोलीस ठाणे आणि न्यायालय. तेथील जबाबाचा मायना परिचित आहे : ‘समक्ष विचारल्यावरून सांगतो की’. त्यापुढे सारा मजकूर प्रथमपुरुषात येतो. ‘मी’ साक्षीदाराचा असतो, भाषा लिहून घेणाऱ्याची. इंग्रजी व्याकरण याला प्रत्यक्ष कथन म्हणेल, कारण ‘मी’ आहे. खरे पाहता यातील शब्दही साक्षीदाराचे नसतात आणि वाक्यरचनाही त्याची नसते. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार न्यायालयातील साक्षही सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपात न लिहिता कथनाच्या रूपात लिहिली जात असे. म्हणजे वकिलाने विचारलेला प्रश्न आणि साक्षीदाराने दिलेले उत्तर मिळून एक सलग विधान तयार होई. ही संहिता १ जुलै २०२४ पासून पायउतार झाली आणि तिच्या जागी नवी संहिता आली. पण बोललेल्याचे लिखित कथन करण्याचे काम संपलेले नाही.

साक्षीच्या कायद्यात तर परकथनाचा प्रश्न थेट उपस्थित होतो. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या साठाव्या कलमात तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे असे म्हटले होते : पाहिलेल्या गोष्टीविषयी पाहणाऱ्याने आणि ऐकलेल्या गोष्टीविषयी ऐकणाऱ्याने सांगावे. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. आता कल्पना करावी की एखादी शेतमजूर बाई सांगते : ‘त्यो येतो म्हनला.’ तिने ऐकले ते एक वचन, एक आश्वासन. तो आला की नाही, हे ती सांगत नाही. हे वाक्य लिहून घेणाऱ्याने ‘तो येणार असल्याचे त्याने मला सांगितले’ असे लिहिले तर अर्थ बव्हंशी टिकतो. मात्र तिच्या बोलण्यातील त्याचा आवाज हरवतो. परंतु शाळेत पाठ केलेला काळ मागे नेण्याचा नियम त्याच्या हातून सुटला नसेल आणि त्याने ‘तो येत होता असे त्याने सांगितले’ असे लिहिले, तर काय होईल? ऐकलेले आश्वासन हे घडत असलेल्या गोष्टीचे निवेदन होऊन जाते. पुढे कोणी घाईत ‘असे त्याने सांगितले’ हा भाग वगळून ‘तो येत होता’ एवढेच उद्धृत केले, की जे बाईने कधी पाहिलेच नाही त्याची ती साक्षीदार ठरते. काळाचा एक प्रत्यय तिला ऐकणाऱ्याच्या जागेवरून उचलून पाहणाऱ्याच्या जागेवर बसवतो.

म्हाइंभटांच्या वाङ्मयाने हा धोका ओळखला होता. शब्द कोणाचे, प्रसंग कोणता आणि आठवण कोणाची, हे तीन प्रश्न तेथे वेगवेगळे ठेवले गेले. पेशवाईतील कारकुनानेही ‘म्हणोन लिहिले’ आणि ‘ऐशास’ या दोन पदांच्या साहाय्याने समोरच्याचे म्हणणे सुरक्षित ठेवले. त्यांच्यापाशी अवतरणचिन्हे नव्हती. परंतु दुसऱ्याच्या शब्दांची मालकी सांभाळण्याची रीत होती. मराठीच्या शालेय व्याकरणात ही रीत स्वतंत्र प्रकरण म्हणून येण्याऐवजी इंग्रजीच्या तासाला शिकलेल्या नियमाची सावली मराठी लेखनावर पडत राहिली. वृत्तपत्रांतील ‘तो म्हणाला की तो जात होता’ या धर्तीची भाषांतरित वाक्ये तिचीच साक्ष देतात.

याचा अर्थ इंग्रजीतील नियम शिकवू नये असा नाही. तो इंग्रजीचा नियम म्हणून शिकवावा, भाषामात्राचा म्हणून नव्हे. ‘ही सेड दॅट ही वॉज कमिंग’ या वाक्याशेजारी ‘आपण येतो आहोत असे तो म्हणाला’ हे मराठी वाक्य लिहिले आणि एका वाक्यात काळ का बदलला, दुसऱ्यात तो का बदलला नाही, असे विचारले, तर केजच्या वर्गातील मुलगा दोन्ही भाषांविषयी काही शिकेल. तिसरे वाक्य त्याने स्वतःच सांगावे. ते त्याला लहानपणापासून येते : ‘त्यो येतो म्हनला.’